पट्टी मोठ्याने वाचा

माल विकल्यावर हाती पडलेली पट्टी शेतकऱ्याच्या घरात सहसा कुणी मोठ्याने वाचत नाही. किती गोण्या गेल्या, क्विंटलला काय भाव निघाला, हमाली, तोलाई, मोटारभाडे म्हणून किती कापले आणि शेवटी उरले किती, एवढे सगळे त्या वीतभर कागदावर असते. भाव बरा निघाला तर कागद देव्हाऱ्यापाशी ठेवला जातो. पडला की घडी होऊन सदऱ्याच्या खिशात जातो आणि तिथेच राहतो. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एवढेच कळते की आज वडील न जेवता झोपले, आई भांडी आदळते आहे आणि परीक्षेच्या फॉर्मचे पैसे मागायची ही वेळ नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला आणि खर्च वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. ती पट्टी वर्तमानपत्रांत छापून आली, म्हणून राज्याने वाचली. न छापलेल्या पट्ट्यांच्या घरांत वाढणाऱ्या अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींनी काय करावे, याविषयी हा लेख आहे. माझे म्हणणे असे की संकट बाजारातून, आभाळातून किंवा एखाद्या सरकारी अधिसूचनेतून येत असले, तरी तरुण माणसाच्या मनापर्यंत ते येते घरातल्या अबोल्याच्या वाटेने. बाजार तुमच्या हातात नाही. ही वाट मात्र बरीचशी आहे.

हे म्हणणे तपासायला पुणतांब्यासारखे गाव नाही. राहाता तालुक्यातले हे गोदाकाठचे गाव. दौंड–मनमाड लोहमार्गावर इथूनच शिर्डीकडे फाटा फुटतो, त्यामुळे साईभक्तांनी भरलेल्या गाड्या इथून रोज जातात आणि बहुतेकांना स्टेशनच्या पाटीपलीकडचे गाव दिसतही नाही. २०१७ साली मात्र साऱ्या राज्याला पुणतांबा पाहावे लागले. २०१६ च्या आधीची दोन वर्षे दुष्काळात गेली होती. २०१६ ला पाऊस बरा झाला, पीक आले, तर भाव कोसळले आणि त्यात नोव्हेंबरची नोटाबंदी आली. पिकले नाही म्हणून बुडणे शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेले होते. पिकले म्हणून बुडणे जास्त झोंबले. एप्रिल २०१७ मध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेने ठराव केला की शेतकऱ्यांनी संपावर जायचे. कारखान्याचा कामगार संपावर जातो, शेतकरी कसा जाणार, असे अनेकांनी विचारले. १ जूनला दूध आणि भाजीपाला शहरांकडे जायचा थांबला, आणि अकरा दिवसांत सरकारला कर्जमाफीचे तत्त्व मान्य करावे लागले.

त्या ठरावाचे राजकारण, त्याचे श्रेय आणि त्यातली फाटाफूट यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. तरुणांच्या दृष्टीने मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ठराव होईपर्यंत प्रत्येक घरातली तूट ही त्या घराची लाज होती. अमक्याला शेती जमली नाही, तमक्याने लग्नात खर्च फार केला, त्याचा थोरला पुण्यात नुसता पैसे उडवतो, अशी कारणे गाव एकमेकांना लावत असते. ग्रामसभेत भाव, कर्ज आणि हमीभाव हे शब्द मोठ्याने उच्चारले गेले तेव्हा शेजारच्या घरातला आकडाही आपल्यासारखाच आहे हे उघड झाले. खिशातली पट्टी चावडीवर आली. अडचण एका रुपयानेही कमी झाली नाही, पण ती कुणाची आहे याचे उत्तर बदलले. वीस वर्षांच्या पोराला ‘आपल्याच बापाला जमले नाही’ असे वाटणे आणि ‘या हंगामात सगळ्यांचाच भाव पडला’ असे कळणे, या दोहोंत रात्रीची झोप लागण्या-न लागण्याचा फरक पडतो.

हा माझा कल्पनाविलास नाही, याचा पुरावा पुणतांब्यापासून फार दूर, अमेरिकेच्या आयोवा राज्यात आहे. तिथे मक्याची आणि डुकरांची शेती. १९७० च्या दशकात जमिनीचे भाव चढले, बँकांनी घरी येऊन कर्जे दिली, मग व्याजदर वाढले आणि १९८१ नंतरच्या सहा वर्षांत जमिनीची किंमत निम्म्याहूनही खाली आली. लिलाव झाले, बँका बुडाल्या, आत्महत्या झाल्या. रँड काँगर आणि ग्लेन एल्डर या अभ्यासकांनी १९८९ पासून आयोवातल्या ४५१ ग्रामीण कुटुंबांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. घरातले मूल तेव्हा सातवीत होते. त्यांना दिसलेली साखळी अशी: पैशाची ओढाताण थेट मुलावर येऊन आदळत नाही. आधी आई-वडील खचतात, मग आपसांत धुसफुसतात, मग मुलांवर चिडतात किंवा त्यांच्याकडे लक्षच देईनासे होतात, आणि शेवटी त्या चिडण्यातून, त्या दुर्लक्षातून मुलाची उमेद आणि अभ्यास ढासळतो. जिथे ही साखळी मधे कुठेतरी तुटली, तिथे तेवढेच कर्ज असूनही मुले सावरली. कुठे आजी-आजोबा जवळ होते, कुठे आई-वडील आणि मुले शेतात बरोबरीने काम करत होते, कुठे शाळेत किंवा गावाच्या कामात मुलाला स्वतःची जागा होती. आयोवात आणि राहात्यात पिके वेगळी, कायदे वेगळे, देवही वेगळे. बाहेर गप्प राहून घरात राग काढणारा बाप मात्र दोन्हीकडे सारखाच ओळखू येतो.

यावरून पहिले काम ठरते, आणि ते मोठ्यांनी सुरू करण्याची वाट पाहू नये. घरातल्या तरुणानेच वही घेऊन बसावे. पट्टी आली त्या संध्याकाळी नको. दोन-तीन दिवसांनी, सकाळी चहाच्या वेळी, आई समोर असताना. सुरुवातीचे वाक्य मागणीचे नसावे. “अण्णा, मला पैसे नकोत. या वर्षी आपलं कुणाकडे किती अडकलंय ते एकदा लिहून काढू,” एवढे पुरे. मग खाली लिहीत जावे: सोसायटीचे किती आणि ते मार्चअखेरीला नवं-जुनं करायचे आहे का, पतसंस्थेचे किती, कृषी सेवा केंद्राची उधारी किती, सोने कुठे तारण आहे, सातबारावर कुणाचा बोजा आहे, पाहुण्यांचे हातउसने किती. प्रत्येक रकमेपुढे व्याज आणि तारीख. दुसऱ्या पानावर येणे: दुधाचा पगार, चाळीतला कांदा, उसाचे बिल, कुणाला आपण दिलेले. सोने गहाण ठेवल्याचे बहुधा आईलाच ठाऊक असते आणि पाहुण्यांचे हातउसने फक्त वडिलांना, त्यामुळे दोघे एकत्र असल्याशिवाय ही वही पूर्ण होत नाही. पहिल्या बैठकीत ती पूर्ण होणारही नाही. वडील दोन आकडे सांगून उठून गोठ्यात जातील. जाऊ द्यावे, पुढच्या आठवड्यात तिसरा आकडा सांगतील.

यावर पहिला आक्षेप जुना आणि मायेपोटी आलेला आहे: मुलांच्या डोक्यावर कशाला ओझे, त्यांनी अभ्यास करावा. ओझे आधीच डोक्यावर आहे, हे या मायेला दिसत नाही. फरक इतकाच की त्याला आकडा नाही. चार लाखांचे कर्ज आहे हे कळलेला मुलगा घाबरतो, पण ‘घरावर फार कर्ज आहे’ एवढेच कुजबुजताना ऐकलेला मुलगा त्याहून जास्त घाबरतो, कारण त्याच्या मनात ते कधी चार लाख असते, कधी चाळीस. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही घरांत असा प्रश्न विचारला तर शिवीगाळ होते, हात उगारला जातो, दारू मधे येते. तिथे वहीचा आग्रह धरू नये. तिथे साखळी घराबाहेर तोडावी लागते: मामा, आत्या, शाळेतले जुने सर, आशाताई, ज्यांच्याशी बोलल्यावर गोष्ट गावभर होत नाही असे एक मोठे माणूस शोधावे. एकच पुरते. आणि अशा घरात आपण गप्प राहिलो म्हणून वडील सुधारले नाहीत, असा दोष कोणत्याही मुलीने स्वतःकडे घेऊ नये.

वहीचा दुसरा उपयोग पहिल्याहून मोठा आहे. तिच्यामुळे आपल्या हातातले आणि हाताबाहेरचे वेगळे करता येते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. त्याच्या आदल्या आठवड्यात ज्याने कांदा विकला तो शहाणा आणि ज्याने चाळीत ठेवला तो मूर्ख, असा निवाडा गावात लगेच होतो, आणि ज्या पोराने ‘अण्णा, थोडं थांबू, भाव वाढेल’ असे म्हटले असेल तो पुढे वर्षभर तोंड वर करत नाही. वाण निवडणे, प्रतवारी नीट करणे, माल एकदम न नेता टप्प्याटप्प्याने नेणे हे त्याच्या हातात होते. दिल्लीतली अधिसूचना नव्हती. हेच स्पर्धा परीक्षेचे. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा १४ मार्च २०२१ ला होणार होती. ती पुढे ढकलल्याचे ११ तारखेला जाहीर झाले. पुण्यात नवी पेठेत मुले रस्त्यावर आली आणि परीक्षा २१ मार्चला झाली. त्या मुलांपैकी किती जणांनी आधीच्या वर्षभरात खोलीभाडे, मेस आणि वाढते वय यांचा हिशेब मनातल्या मनात ‘मीच कमी पडतो’ या एका ओळीत मिटवला असेल! अभ्यासाचे तास तुमचे आहेत. जागा किती निघतात, परीक्षा कधी होते आणि निकाल कोणत्या न्यायालयात अडकतो हे तुमचे नाही. किती वर्षे देणार याची तारीख मात्र पुन्हा तुमचीच आहे, आणि ती वहीत लिहिलेली असावी; मनात ठेवलेली तारीख दरवर्षी एका वर्षाने पुढे सरकते.

इथे कुणी म्हणेल की हे पोरांना सबब शिकवणे झाले. सगळे सरकारवर आणि बाजारावर ढकलले की हातपाय हलवायला नकोत. असा धोका आहे, आणि पारावर बसून दिवसभर व्यवस्थेला नावे ठेवणारे तरुण प्रत्येक गावात असतात. पण नीट पाहिले तर त्यांनी वाटणी केलेलीच नसते. त्यांनी सगळा ढीग एका बाजूला लोटलेला असतो, जसा स्वतःला दोष देणारा सगळा ढीग स्वतःकडे ओढतो. दोघांचाही दुसऱ्या दिवशी सकाळी करायचे काम कोणते हा प्रश्न तसाच राहतो. वाटणी करायची ती त्या प्रश्नासाठी. लग्नाचेही असेच. शेती करणाऱ्या मुलाची सोयरीक जमत नाही, हे आज नगर-नाशिकच्या गावांतले बहुधा सर्वांत न बोलले जाणारे दुःख असेल. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधलेले तरुण घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चाने गेले, तेव्हा राज्यभर हसू पिकले. मला तो मोर्चा हास्यास्पद वाटला नाही. त्या पोरांनी आपल्या खिशातली पट्टी बाहेर काढली, एवढेच. गर्भातच मुली मारल्याचा हिशेब आणि शेतीत पैसा नसल्याचा हिशेब त्या एका प्रश्नात एकत्र आला आहे. शिकलेली मुलगी शेतकरी स्थळ नाकारते तेव्हा ती त्या मुलाला नाकारत नसते, आपल्या आईच्या वाट्याला आलेले दिवस नाकारत असते, हे ज्याला समजेल त्याचा राग निम्मा उतरेल.

आता कामाविषयी. आयोवातल्या मुलांच्या सावरण्यामागे घरच्या कामात त्यांचा खरा वाटा असणे हे एक कारण होते. एल्डर यांनी त्याआधी, १९३० च्या महामंदीत वाढलेल्या मुलांवर १९७४ साली लिहिलेल्या पुस्तकातही हेच नोंदवले होते: मिळकत बुडालेल्या घरांतली जी मुले बाहेर छोटी-मोठी कामे करून घराला हातभार लावत होती, ती लवकर जबाबदार आणि स्वावलंबी झाली. आपल्याकडे याचा सरळ अर्थ ‘राबवा पोरांना’ असा घेतला जाईल, म्हणून दोन अटी सांगतो. काम दिखाऊ नसावे. त्याचा निकाल त्या तरुणाच्या हातात असावा. ‘जा, बारे दे’ हा हुकूम झाला. कालव्याचे आवर्तन आले की पाण्याचे नियोजन, दुधाचे फॅट आणि पगाराची नोंद, आठवड्याचे बाजारभाव पाहून माल कुठे न्यायचा याचा सल्ला, पीकविम्याचा ऑनलाइन अर्ज, ही कामे पूर्णपणे त्याच्याकडे किंवा तिच्याकडे सोपवता येतात आणि चुकल्यास चूकही त्याची होऊ देता येते. दुसरी अट मुलींसाठी आहे. महामंदीच्या त्या अभ्यासात मुलगे बाहेर कामाला गेले आणि मुलींवर घरकाम वाढले. आपल्याकडे संकट आले की हेच होते, शिवाय तिचे शिक्षण आधी थांबते आणि तिचे लग्न आधी उरकले जाते. भाकरी-धुणी वाढवणे म्हणजे तिला वाटा देणे नव्हे. हिशेबाची वही घरातल्या मुलीकडे द्यावी. बहुतेक घरांत तिचे अक्षरही बरे असते.

काम नसलेल्या दिवसांचे काय होते, हे ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल नावाच्या खेड्याने दाखवले. तिथे एकच कापडगिरणी होती; ती १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून जे पाहिले ते १९३३ च्या पुस्तकात आहे. लोकांकडे वेळच वेळ होता आणि वाचनालयाची वर्गणी माफ केलेली होती, तरी पुस्तके नेणे जवळपास निम्म्यावर आले. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, जागोजागी थांबू लागले. आज दिवसभर काय केले, या प्रश्नाला त्यांना उत्तर देता येईना. बायकांच्या दिवसाला मात्र चूल, मुले आणि धुणी यांची चौकट उरली होती. टाळेबंदीत घरी परतलेल्या, परीक्षा लांबलेल्या किंवा हंगाम हुकलेल्या आपल्या तरुणाचा दिवस असाच विरघळतो, फक्त मारिएन्थालच्या पुरुषाच्या हातात फोन नव्हता. यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. उठण्याची वेळ, दोन ठरलेली कामे आणि घराबाहेर एक ठरलेली भेट, इतके दिवसात रोज असले पाहिजे. तालीम, ग्रंथालय, हरिपाठ, क्रिकेटचे मैदान यांपैकी काहीही चालेल. अट एवढीच की तुम्ही गेला नाहीत तर कुणीतरी विचारले पाहिजे. फोन सोडा असे मी म्हणणार नाही, कारण ते कुणी ऐकत नाही. रात्रीची लाईट असते म्हणून मोटर चालू करायला बांधावर जागणाऱ्या पोराच्या हातात दुसरे काय असणार? पण सकाळचा पहिला तास फोनला देऊ नये, एवढे जमण्यासारखे आहे.

मन लागत नाही म्हणून काही करत नाही, असे तरुण सांगतात. याचे उत्तर गोव्यात मिळाले आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगथ’ या संस्थेने तीव्र नैराश्य असलेल्या प्रौढांवर एक साधी पद्धत वापरून पाहिली. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाला एवढेच करायला लावत होती की मन लागण्याची वाट न पाहता, पूर्वी ज्यात जीव रमत होता ते काम अगदी लहान करून पुन्हा सुरू करायचे आणि अडचणीचा एकेक तुकडा सोडवायचा. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. म्हणजे आधी उमेद आणि मग काम, हा क्रम उलटा फिरवता येतो. ‘पुस्तक उघडून एक पान’, ‘चारी अर्ध्यापर्यंत साफ’, ‘मित्राला एक फोन’ एवढे लहान काम निवडावे. वीस तासांचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवणारा तिसऱ्या दिवशी ते फाडतो आणि त्या फाडण्याचाही दोष स्वतःलाच देतो.

आंदोलनाचा मार्ग तरुणांनी धरावा का, हे पुणतांब्याच्या संदर्भात टाळता येणार नाही. धरावा, पण त्याची किंमत ओळखून. ३ जून २०१७ च्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी चर्चा होऊन काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले, बाकीच्यांनी ते मानले नाही, आणि दोन दिवसांपूर्वी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असलेले लोक एकमेकांना फितूर म्हणू लागले. २४ जूनला दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारला दोन लाखांपर्यंतची दुसरी जाहीर करावी लागली, यातच पहिलीने किती भागले ते आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुणतांब्याच्याच शेतकरी घरांतल्या मुलींनी अन्नत्याग आंदोलन केले. प्रकृती खालावल्यावर त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. जून २०२२ मध्ये गावाने पुन्हा पाच दिवसांचे धरणे पुकारले. ज्या गावाने राज्य हलवले त्याला पाच वर्षांत पुन्हा मांडव घालावा लागला, हे पाहून ‘काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मी तो काढत नाही. आंदोलन आपल्या दुःखाला नाव देते, सोबत देते आणि कधीकधी पैसेही मिळवून देते. दिवसाची चौकट आणि घरातले बोलणे ते देऊ शकत नाही. म्हणून मांडवात बसणाऱ्या तरुणाने मांडव उठल्यानंतरचे पंधरा दिवस आधीच आखून ठेवावेत. कॅमेरे गेल्यावरची ती शांतता जास्त अंगावर येते. आणि मुलींच्या उपोषणाबद्दल त्यांच्या धैर्याला मान देऊनही मला असे वाटते की विशीतल्या शरीराला पणाला लावण्याची वेळ ज्या मोठ्यांनी येऊ दिली, त्यांनी त्याचे कौतुक जरा जपून करावे.

एक आक्षेप उरतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. दुखणे पैशाचे आहे, मनाचे नाही. कांद्याला भाव द्या, दिवसा वीज द्या, भरती वेळेवर करा, ताण आपोआप जाईल. पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. समुपदेशकाने कांद्याचा भाव वाढत नाही आणि ‘सकारात्मक राहा’ असे सांगणारी व्याख्याने हा पोट भरलेल्यांचा धंदा आहे. पण भाव मिळेपर्यंतचे चार हंगाम त्या घरातल्या मुलाला जगायचे आहेत आणि त्याची बारावी त्याच काळात आहे. आयोवात सरकारने कर्जांची पुनर्रचना केली तरी मोडलेली घरे त्याने जुळली नाहीत. मागण्या करत राहणे आणि घरातली साखळी तोडणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले झाले नाही म्हणून दुसरे थांबवण्याचे कारण नाही.

आणि काही वेळा वही, दिवसाची चौकट, सोबत यांपैकी काहीच पुरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, जेवण सुटले, कशातच रस उरला नाही, ‘मी नसलो तर घराचा खर्च तरी वाचेल’ असे बोलणे येऊ लागले, हिशेब मिटवल्यासारखी वागणूक दिसली, तर हा आजार समजावा आणि उशीर करू नये. शेतकऱ्याच्या घरात एक गोष्ट लगेच करण्यासारखी आहे: फवारणीचे उरलेले औषध घरात किंवा गोठ्यात साठवू नये, लागेल तेवढेच आणावे. श्रीलंकेने १९९० च्या दशकात सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले, कारण तो क्षण बहुधा थोडा वेळ टिकतो आणि हाताशी काही नसले तर टळतो. असे विचार मनात आहेत का, हे समोरच्याला सरळ विचारावे. विचारल्याने ते सुचत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. प्रयत्न फसलेल्या माणसावर पोलीस केस होईल या भीतीने घरचे दवाखाना टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते आणि त्याला शिक्षा होत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

फोन लावल्यावर नेमके काय बोलायचे, या विचारानेच पुष्कळ जण तो लावत नाहीत. पुणतांब्यात ज्यांची समाधी आहे त्या चांगदेवांची कथा इथल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. चौदाशे वर्षांचे म्हणवणाऱ्या या योग्याला ज्ञानदेवांना पत्र लिहायचे होते. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, हे ठरेना, तेव्हा त्यांनी कोराच कागद पाठवला. कोऱ्या कागदालाही पासष्ट ओव्यांचे उत्तर आले, आणि पुढे ज्यांना त्यांनी गुरू केले त्या मुक्ताबाई वयाने पोरच होत्या. १४४१६ वर पहिले वाक्य “मला काय होतंय ते मला सांगता येत नाहीये” असे असले तरी चालते. पुढचे प्रश्न पलीकडचा माणूस विचारतो.